आधीच येऊन बसलेलं प्रथिन

पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या पेशीत सुमारे ६,००० जनुकं असतात. त्यांतली गॅल-१, गॅल-७ आणि गॅल-१० ही तीन जनुकं गॅलॅक्टोज नावाची साखर वापरायला लागणारी एन्झाइम्स बनवतात. गॅलॅक्टोज नसेल तर ती जवळजवळ गप्प असतात. ग्लुकोज नाही आणि गॅलॅक्टोज आहे, असं झालं की त्यांचं काम हजारपटीच्या घरात वाढतं. ना मेंदू, ना नसा. मग साखर आली हे जनुकाला कळवतं कोण?

गंमत म्हणजे, ग्लुकोज नसेल तर जनुक चालू करणारं गॅल-४ हे प्रथिन तिथे आधीच येऊन बसलेलं असतं. सुमारे सव्वा कोटी अक्षरांच्या डीएनएमधून ते १७ अक्षरांची जागा हुडकतं. त्यातलीही दोन्ही टोकांची तीन-तीन अक्षरंच महत्त्वाची. गॅल-४चे दोन रेणू जोडीने येतात आणि एकेक टोक धरतात. पण गॅल-८० या दुसऱ्या प्रथिनाने त्यांच्या तोंडावर हात ठेवलेला असतो. गॅलॅक्टोज पेशीत शिरलं की ते गॅल-३ला चिकटतं, गॅल-३ जाऊन गॅल-८०ला पकडतं, आणि मोकळं झालेलं गॅल-४ जनुकाची आरएनए-प्रत काढणारी सगळी यंत्रणा तिथे बोलावून घेतं.

हे गॅल-३ कुठून आलं, तेही ऐकण्यासारखं आहे. ते गॅल-१ या एन्झाइमचंच भावंड. फार पूर्वी यीस्टच्या जनुकांच्या दुहेरी प्रती झाल्या. एका प्रतीकडे साखरेवर प्रक्रिया करायचं काम राहिलं, दुसरीकडे साखर ओळखायचं.

ग्लुकोज भरपूर असेल, तर मिग-१ हे प्रथिन केंद्रकात शिरून ही जनुकं बंद ठेवतं. स्वस्त साखर असताना महागडी यंत्रणा कशाला!

मला सर्वांत थक्क करतो तो १९८५ सालचा प्रयोग. रॉजर ब्रेंट आणि मार्क टाश्ने यांनी गॅल-४चा डीएनए धरणारा भाग काढून त्या जागी एका जिवाणू-प्रथिनाचा तसाच भाग जोडला. हे जोडप्रथिन जिवाणूची खूण असलेल्या डीएनएवर जाऊन बसलं, आणि शेजारचं जनुक चालू झालं! धरणं वेगळं, बोलावणं वेगळं. पुढे गॅल-४ सस्तन प्राण्यांच्या पेशींतही चाललं. १९९३मध्ये अँड्रिया ब्रँड आणि नॉर्बर्ट पेरीमॉन यांनी ते फळमाशीत वापरलं, आणि तेव्हापासून माशीच्या हव्या त्या पेशींत हवं ते जनुक चालू करायला जगभरच्या प्रयोगशाळा यीस्टचं हेच प्रथिन वापरतात.