गंगाखेड : जनीच्या नावाचं गाव

परभणीहून दक्षिणेला निघालं की चाळीसेक किलोमीटरवर गोदावरीचा पूल लागतो. इथल्या माणसांच्या तोंडी मात्र ती गंगाच. गंगेला पूर येतो, गंगेवर आंघोळीला जातात, कावडीत पाणी येतं तेही गंगेचं. या गंगेच्या दक्षिण काठावरचं खेड म्हणजे गंगाखेड. आज ते तालुक्याचं ठिकाण आहे, परभणी-परळी लोहमार्गावरचं स्टेशन आहे, बालाघाटाच्या डोंगरातल्या वाड्या-तांड्यांची बाजारपेठ आहे. पण महाराष्ट्राच्या मनात हे गाव आहे ते एका दासीमुळे. संत जनाबाई इथल्या.

नदीकाठी त्यांचं मंदिर आहे. गावातल्या महाविद्यालयालाही त्यांचंच नाव आहे. आषाढीसाठी शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणीकडून येते आणि गंगाखेडवरून परळीच्या वाटेला लागते. तेव्हा टाळ-मृदंगाच्या गजरात गाव आपल्या लेकीला पुन्हा पंढरीला पोचवतं.

परंपरा सांगते ती गोष्ट अशी. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, देवगिरीच्या यादवांच्या राज्यात, दमा आणि करुंड या विठ्ठलभक्त जोडप्याच्या पोटी जनी जन्मली. घर शूद्र गणलं गेलेलं. पोर कळती होण्याआधीच पंढरपूरला दामाशेटी शिंप्यांच्या घरी राहिली. दामाशेटी म्हणजे संत नामदेवांचे वडील. त्यांचं मूळ गाव नरसीही इकडचंच. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तोवर नरसी परभणी जिल्ह्यातच होतं. मालकाच्या घरचा मुलगा आणि घरात राबणारी मुलगी, दोघंही एकाच मुलखातली. दोघांची नावं वारकरी आजही एका दमात घेतात.

जनीच्या वाट्याला दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणं, शेण गोळा करून गोवऱ्या थापणं ही कामं आली. सुमारे साडेतीनशे अभंग तिच्या नावावर आहेत आणि त्यांत हीच कामं आहेत. फरक इतकाच की ती एकटी राबत नाही. विठ्ठल तिच्यासोबत जात्याला हात लावतो, केर भरतो, पाणी आणतो, तिची वेणी घालतो, डोक्यातल्या उवाही काढतो.

या अभंगांचं मोल कळायला तो काळ समोर आणावा लागतो. त्याच पंढरपुरात अस्पृश्य गणल्या गेलेल्या संत चोखामेळ्यांना देवळाच्या आत पाऊल टाकता येत नव्हतं. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि तिच्याखाली ते गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर, पायरीपाशी समाधी बांधली. मेल्यावरही चोखोबा बाहेरच राहिले. ते दार उघडायला पुढे सहाशे वर्षं लागली, आणि साने गुरुजींचं १९४७ सालचं उपोषणही. जनीने चोखोबांची थोरवी आपल्या अभंगांत गायिली. आणखी एक गोष्ट तिने केली, जी मला फार मोठी वाटते. देवळाचं दार माणसाला आत घेत नव्हतं, तेव्हा तिने देवालाच बाहेर बोलावलं. गाभाऱ्यातून उठवून त्याला शेणामातीच्या कामाला लावलं. ज्या कामावरून माणूस हलका ठरवला जात होता, ते काम देवाच्या हातात गेल्यावर हलकं कसं राहील?

वारकऱ्यांमध्ये पदकाची कथा सांगतात. रात्री विठ्ठल जनीकडे आला आणि जाताना आपलं रत्नजडित पदक तिथेच विसरला. सकाळी देवळात शोध सुरू झाला आणि चोरीचा आळ आला तो दासीवर. तिला सुळावर द्यायला चंद्रभागेच्या वाळवंटात नेलं, तेव्हा सुळाचं पाणी झालं. चमत्कार बाजूला ठेवला तरी कथेतलं एक सत्य आजही बोचतं. घरात काही हरवलं की पहिला संशय राबणाऱ्या बाईवरच जातो.

पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईंचं म्हणून एक जातं दाखवतात. पण तिचं खरं स्मारक महाराष्ट्राच्या घराघरांत होतं. पहाटेच्या अंधारात दोघी समोरासमोर बसायच्या. चार हातांनी एकच खुंटा धरायचा, एकीने घास टाकायचा. वरची तळी फिरू लागली की घरघरीवर ओवी चढायची. गी पॉयतव्हँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी अशा एक लाखाहून अधिक ओव्या गावोगाव फिरून जमवल्या. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या ओव्याही त्यांत आहेत. या ओव्यांत बायकांनी जनीला आपल्यातली मानलं. दळताना ज्या बाईला सोबतीला कोणी नव्हतं, तिच्या मनात विठ्ठल बसायचा आणि जनीही.

जाती आता कोपऱ्यात गेली. कष्ट गेले नाहीत. दिवाळी सरली की गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. आगाऊ रकमेची उचल मात्र बहुतेकदा नवऱ्याच्या नावावर. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, पहाटे उठून सगळ्यांच्या भाकरी थापते. वहीत तिचं नाव येत नाही.

म्हणून गंगाखेडच्या या देवळात आलं की मला जनीची नाममुद्रा आठवते. तिचे अभंग नामदेवांच्या गाथेत समाविष्ट होऊन आपल्यापर्यंत आले, म्हणजे मालकाच्याच पोथीत. पण तिथेही अभंगाच्या शेवटच्या चरणात ती आपलं नाव घालते. कधी दासी जनी, कधी नामयाची जनी. 'दासी' हा शब्द ती लपवत नाही आणि 'जनी' हे नावही सोडत नाही. सातशे वर्षांपूर्वी एका राबणाऱ्या बाईने आपल्या कामावर आपलं नाव लिहून ठेवलं. पंढरीच्या महाद्वारी १३५० मध्ये नामदेवांबरोबर तिनेही देह ठेवला असं मानतात. नाव मात्र गंगेकाठी राहिलं. दर्शनाला येणाऱ्या बाईने देवळाच्या पायरीवर बसून आपली पाटी क्षणभर खाली ठेवावी, आणि पुढच्या हंगामात मुकादमाच्या वहीत तिचंही नाव पडावं. जनीच्या गावाकडून एवढं मागायला हरकत नाही.