आपल्या देशाची पहिली निवडणूक

निवडणुकीच्या दिवशी आपल्या शाळेला सुट्टी असते, कारण आपल्याच वर्गात मतदान होते. भिंतीवर मतदान केंद्राचा नंबर रंगवला आहे, तो तुम्ही पाहिला असेल. मागच्या वेळी आजी मत देऊन येईपर्यंत मी बाहेर पायरीवर बसले होते. तेव्हापासून मला वाटत होते, पहिली निवडणूक कशी झाली असेल? गुरुजींना विचारले. त्यांनी सांगितले ते लिहिते.

लोकसभेची पहिली निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ ला सुरू झाली आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये संपली. म्हणजे चार महिने! हिमाचल प्रदेशात बर्फ पडून वाटा बंद होतात, म्हणून तिथे सर्वांच्या आधी मतदान घेतले. सुकुमार सेन हे तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते. मतदार १७ कोटींच्या वर होते. त्यातल्या पुष्कळ लोकांना वाचता येत नव्हते. मग मत द्यायचे कसे? प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली आणि पेटीवर चित्र लावले. कोणाची बैलजोडी, कोणाचा दिवा. आपल्याला पाहिजे त्या पेटीत चिठ्ठी टाकायची, झालं. चिठ्ठीवर शिक्का मारायची पद्धत नंतर आली. आजीनेही शिक्का मारलेला आहे. तेव्हा २१ वर्षे पुरी लागत. १९८९ पासून १८ झाली. २००४ साली सगळ्या देशात मशीन आले.

पण मला सगळ्यात जास्त नवल वाटले ते यादीचे. यादी करायला माणसे घरोघर गेली, तेव्हा खूप बायकांनी आपले नावच सांगितले नाही. परक्या माणसाला नाव कसे सांगायचे? "अमक्याची आई", "तमक्याची बायको" असेच सांगितले. सेनसाहेब म्हणाले, असे चालणार नाही, स्वतःचे नाव पाहिजे. बिहारमध्ये त्यासाठी जास्त मुदतही दिली. तरी देशातल्या सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून निघाली. त्यांना मत देता आले नाही.

हे ऐकून मी घरी गेले आणि एकदम लक्षात आले, की मला माझ्या आजीचे नाव माहीत नाही! मी आजी म्हणते. आई आत्याबाई म्हणते. बाबा आई म्हणतात. शेजारचे थोरल्या वहिनी म्हणतात. आजोबा तर नुसते "ऐकलं का गं" म्हणतात.

मी विचारले, "आजी, तुझं नाव काय?"

आजी हसली. म्हणाली, "आता कुठं आठवण झाली व्हय तुला!" मग तिने नाव सांगितले. पण म्हणाली, "फळ्याबिळ्यावर लिहू नगंस, गावातली पोरं नावानं हाका मारतील."

म्हणून इथे लिहिले नाही. मतदार यादीत मात्र ते छापलेले आहे. मी बाबांना यादी दाखवायला लावली आणि स्वतः वाचले.

– इयत्ता चौथी