टाळेबंदीतल्या मोटारफेऱ्या

ब्रिटनमधले जुन्या मोटारींचे क्लब दरवर्षी 23 एप्रिलच्या जवळच्या रविवारी 'ड्राइव्ह इट डे' पाळतात. 1900 साली याच तारखेला लंडनच्या हाइड पार्क कॉर्नरहून 65 मोटारी 'थाउजंड माइल्स ट्रायल'साठी निघाल्या. ब्रिस्टल, बर्मिंगहॅम, मँचेस्टर करत त्या एडिंबराला गेल्या आणि न्यूकॅसल, लीड्समार्गे लंडनला परतल्या. घोड्याविना चालणारी गाडी हजार मैल तग धरते, हे लोकांना पटवायचे होते. म्हणून गाड्या पळत आणि मोठ्या शहरांत लोकांना पाहण्यासाठी मांडूनही ठेवल्या जात. पळवणे आणि मांडणे या दोन्ही प्रवृत्ती क्लबांत तेव्हापासून एकत्र नांदत आल्या आहेत.

पुढच्या शतकाची नोंद थोडक्यात आटोपते. 1930 साली व्हेटरन कार क्लब आणि एमजी कार क्लब निघाले, 1934 साली व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब. महायुद्धात आणि त्यानंतरही 1950पर्यंत पेट्रोलवर नियंत्रण होते, त्यामुळे हौशी फेऱ्या आटल्या. 1988 साली क्लबांचा महासंघ झाला. या काळात मांडण्याने पळवण्यावर हळूहळू मात केली. उन्हाळी रविवार म्हणजे एखाद्या जुन्या वाड्यासमोरची हिरवळ, ओळीने लावलेल्या गाड्या, शेजारी घडीच्या खुर्च्या आणि सर्वांत चकचकीत गाडीला चषक, असे समीकरण होऊन बसले. ट्रेलरवर लादून आणलेली गाडीही चषक घेऊन जाऊ लागली.

23 मार्च 2020च्या संध्याकाळी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी लोकांना घरीच राहायला सांगितले. 26 एप्रिलचा 'ड्राइव्ह इट डे' रद्द झाला आणि मेळाव्यांचा हंगामही बुडाला. महाराष्ट्रात त्या काळी जिल्ह्याची हद्द ओलांडायला ई-पास लागे. इंग्लंडमध्ये पास नव्हता. बाहेर पडायला 'वाजवी कारण' हवे, एवढेच कायदा म्हणत होता, आणि वाजवी काय ते बहुधा रस्त्यावरचा पोलीस ठरवत होता. डर्बीशरच्या पोलिसांनी मार्चमध्येच कर्बर एजच्या कड्यावर ड्रोन उडवला आणि तिथे फिरायला आलेल्यांचे चित्रीकरण जगजाहीर केले. एप्रिलच्या मध्याला पोलीसप्रमुखांच्या परिषदेने खुलासा केला: गाडीने ग्रामीण भागात जाऊन पायी फिरायला हरकत नाही, मात्र चालण्याचा वेळ गाडीतल्या वेळेपेक्षा पुष्कळ जास्त हवा. ज्यांचा छंदच गाडी चालवण्याचा, त्यांना या वाक्याने घरी बसवले. अपघात झाला तर रुग्णालयांवर भार पडेल, हा युक्तिवाद रास्त होता. बंद काचांआड बसलेल्या एकाच घरच्या माणसांपासून संसर्ग कसा पसरेल, हे मात्र कोणी समजावले नाही.

त्याच एप्रिलमध्ये पंतप्रधानांचे सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज डरॅमजवळच्या मुक्कामाहून बार्नर्ड कासलला गाडीने जाऊन आले. आपली नजर लांबच्या प्रवासाला पुरेशी ठीक आहे का, ते पाहायला गेलो होतो, असे त्यांनी 25 मे रोजी पत्रकारांना सांगितले. त्यांची नोकरी त्या वेळी शाबूत राहिली. गॅरेजात अडकलेल्या गाडीमालकांना नियमांबद्दल उरलासुरला आदर टिकवणे यानंतर अवघड गेले.

तोवर इंग्लंडपुरते दार उघडले होते. 13 मेपासून मोकळ्या जागी जाण्यासाठी गाडीने कितीही लांब जाण्याची मुभा मिळाली आणि 1 जूनपासून सहा जणांना उघड्यावर भेटता येऊ लागले. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये मात्र साधारण पाच मैलांची मर्यादा जुलैच्या सुरुवातीपर्यंत टिकली. त्यामुळे सीमेलगतच्या क्लबांना वेल्सचे घाट नकाशावर पाहूनच समाधान मानावे लागले.

क्लबांच्या निसर्गरम्य फेऱ्यांचा बहर तो हाच. गाड्या एकत्र जमून निघणे शक्य नव्हते, म्हणून वळणावळणाची खूण असलेले मार्गपत्रक आधीच घरोघरी पाठवले जाई. गाड्या अंतर राखून, ठरलेल्या वेगवेगळ्या वेळी निघत. एका गाडीत एकाच घरची माणसे बसत. पब 4 जुलैपर्यंत बंद होते, तेव्हा चहाचा थर्मास आणि सँडविच ज्याचे त्याने आणायचे. थांब्यावर गाड्या लांब लांब लागत आणि गप्पा दोन मीटरवरून होत. महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या बॅटऱ्या उतरलेल्या असत, म्हणून आदल्या रात्री चार्जर लावणे हाही तयारीचा भाग झाला. वार्षिक तपासणीची मुदत सरकारने सहा महिन्यांनी वाढवली होती. मेमध्ये काही सुपरमार्केटांच्या पंपांवर पेट्रोल लिटरला एक पौंडाच्याही खाली आले. चषक नव्हते, परीक्षक नव्हते, प्रवेशशुल्क नव्हते. रस्ता आणि गाडी एवढेच उरले, आणि क्लब मुळात कशासाठी निघाले होते ते त्या उन्हाळ्यात उघड्या डोळ्यांनी दिसले.

14 सप्टेंबरला सहा जणांचा नियम पुन्हा कडक झाला. बंदुकीने रानपक्षी टिपायला मात्र खेळ म्हणून 30 जणांपर्यंत जमण्याची सूट राहिली. मोटारफेरीची गणना खेळात होत नव्हती. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारची जुन्या मोटारींची लंडन-ब्रायटन फेरीही त्या वर्षी झाली नाही. जानेवारी 2021मध्ये तिसरी टाळेबंदी आली. डर्बीशरमध्ये दोन मैत्रिणी दोन स्वतंत्र गाड्यांतून पाच मैलांवरच्या फोरमार्क जलाशयावर चालायला गेल्या, तर त्यांना प्रत्येकी 200 पौंडांचा दंड झाला. हातातला गरम पेयाचा पेला सहलीचा पुरावा धरला गेला. बोभाटा झाल्यावर पोलिसांनी दंड मागे घेतला.

25 एप्रिल 2021चा 'ड्राइव्ह इट डे' सहा माणसे किंवा दोन घरे या मर्यादेत पार पडला. पबची अंगणे 12 एप्रिललाच उघडली होती. 17 मेपासून उघड्यावर 30 जणांना जमता येऊ लागले आणि 19 जुलैला इंग्लंडमधली बंधने संपली. त्याबरोबर फेऱ्यांचा बहरही ओसरला. हिरवळी पुन्हा भरल्या, खुर्च्या उघडल्या, चषक परतले.

त्यानंतर दिवस महागाईचे आले. सप्टेंबर 2021पासून साधे पेट्रोल 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले मिळू लागले. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना ते बाधते, म्हणून त्यांच्या मालकांना महागडे उच्च दर्जाचे पेट्रोल घ्यावे लागते. जुलै 2022मध्ये पेट्रोलचा सरासरी भाव लिटरला 1.90 पौंडांवर गेला. ऑगस्ट 2023पासून लंडनचे उत्सर्जन-शुल्क शहराच्या सर्व बरोंना, म्हणजे प्रशासकीय विभागांना, लागू झाले. चाळिशी ओलांडून ऐतिहासिक ठरलेली गाडी त्यातून सुटते. नव्वदच्या दशकातली स्वस्त, दोन आसनी, तरुणांना परवडणारी गाडी मात्र बहुधा दिवसाला 12.50 पौंड भरते. ज्या वयाचे सभासद यावेत म्हणून क्लब आज विनवण्या करतात, नेमक्या त्याच वयाच्या खिशाला हे शुल्क लागते. टाळेबंदीतली फेरी जवळपास फुकट होती आणि तिला मैदानाचे भाडे लागत नव्हते. बंधने उठल्यावर ती रीत चालू ठेवायला कोणताही कायदा आड येत नव्हता; क्लबांनीच ती सोडून दिली.