रक्तपेशींची रोजकीर्द : मूलपेशी प्रत्यारोपणानंतरचा कसोटीचा काळ

रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया किंवा अस्थिमज्जा निकामी होण्याची व्याधी यांवर दात्याच्या मूलपेशींचे प्रत्यारोपण हा आज प्रस्थापित उपचार आहे. भारतात त्याचा आरंभ १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांच्या हस्ते झाला. मूलपेशींची पिशवी रक्तासारखीच शिरेतून चढवली जाते आणि काही तासांत काम आटोपते. कार्य सिद्धीस गेले, असे आप्तांना वाटते. वस्तुतः कसोटी तेथूनच सुरू होते. जुनी मज्जा औषधांनी रिकामी केलेली असते व नवी अद्याप रुजलेली नसते. हा मधला काळ साधारणतः दोन ते चार आठवड्यांचा असतो.

तीन खाती

व्यापारी घराला रोजकीर्दीची सवय असते. रक्ताचा अहवालही तसाच वाचावा. पहिले खाते न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचे. त्या प्रति मायक्रोलिटर ५०० च्या खाली असताना शरीराला पहारेकरी उरत नाही. सलग तीन दिवस त्या ५०० च्या वर राहिल्या, म्हणजे नवी मज्जा रुजली असे मानतात. दुसरे खाते प्लेटलेटचे. रक्तस्राव नसल्यास त्या दहा हजारांच्या खाली गेल्यावर चढवतात. रक्तस्राव असल्यास त्याआधीच. तिसरे हिमोग्लोबिनचे. ते साधारण ७ च्या आसपास आले, की लाल पेशी देतात.

शिल्लक का घटते?

घरी परतल्यावर सुधारलेले आकडे पुन्हा घसरतात, तेव्हा कुटुंब हवालदिल होते. शिल्लक घटण्याची कारणे दोनच : जमा कमी, अथवा खर्च अधिक. शरीरात सुप्त असलेला सायटोमेगॅलो विषाणू जागा होतो आणि त्यावरील गॅन्सिक्लोव्हिर हे औषधही पांढऱ्या पेशी दाबते. दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीराशी झुंजू लागतात तेव्हाही आकडे घटतात. दाता व रुग्ण यांचे रक्तगट भिन्न असल्यास लाल पेशी उशिरा वाढू शकतात. क्वचित नवी मज्जाच माघार घेते. त्यासाठी रक्तात दात्याच्या पेशींचे प्रमाण तपासतात. कारण कळल्यावरच उपाय ठरतो : औषध बदलणे, पांढऱ्या पेशी वाढवणारे फिल्ग्रास्टिमचे इंजेक्शन, किंवा त्याच दात्याच्या मूलपेशी पुन्हा देणे. म्हणून घेतलेले प्रत्येक औषध, घरगुती चूर्णासह, डॉक्टरांना सांगावे. कोणतेही औषध आपल्या मनाने थांबवू नये.

घरातील दक्षता

ताप १००.४ अंश फॅरनहाइटला पोहोचला, की ‘सकाळी पाहू’ म्हणू नये. पॅरासिटामॉल देऊन ताप झाकू नये. मध्यरात्र असली तरी प्रत्यारोपण केंद्राला दूरध्वनी करून निघावे. पेशी कमी असताना जंतुसंसर्ग काही तासांत जीवघेणा ठरतो. काळे शौच, अंगावर लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त, अचानक तीव्र डोकेदुखी हीदेखील धोक्याची चिन्हे होत. मऊ ब्रश वापरावा. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळावे.

उकळलेले पाणी व ताजे शिजवलेले अन्न ही आपल्या घरांतील जुनी शिस्त येथे साहाय्यभूत ठरते. मात्र उपवास, आयंबिल यांचा संकल्प रुग्णाने डॉक्टरांच्या अनुमतीपर्यंत पुढे ढकलावा. प्रकृतीची विचारपूस करणाऱ्यांची रीघ दाराबाहेर थांबवण्यात संकोच नसावा. फोनवरील चार शब्द पुरेसे असतात.

समाजाचा वाटा

प्लेटलेट पेढीत जेमतेम पाच दिवस टिकतात; त्यामुळे एकाच दिवशी शंभर दाते येण्यापेक्षा, आठवड्याला दोन-तीन दात्यांनी पाळीने येणे अधिक उपयुक्त. यंत्राद्वारे प्लेटलेटदानास साधारण दीड तास लागतो. दाता ४८ तासांनंतर पुन्हा देऊ शकतो. मात्र आठवड्यात दोनदा व वर्षात २४ वेळा, ही मर्यादा आहे. आदल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नसावी. अशा रुग्णाला दिल्या जाणाऱ्या लाल पेशी व प्लेटलेट किरणांनी संस्कारित केलेल्या असाव्या लागतात, अन्यथा दात्याच्या लसिकापेशी रुग्णावरच उलटू शकतात. तशी नोंद मागणीपत्रावर आहे ना, हे नातलगांनी पाहावे.

ज्या घरी असा रुग्ण आहे, तेथे सांत्वनाचे शब्द पुष्कळ पोहोचतात. त्याऐवजी आपला रक्तगट, दूरध्वनी क्रमांक आणि मोकळा वार लिहिलेली चिठ्ठी पोहोचली, तर ती त्या घराला अधिक आधार देईल.