होडीच्या पोटाचा रंग

मेढ्याच्या बाजाराच्या दिवशी बामणोलीचा एक तरुण माझ्या दारात येऊन उभा राहिला. हातात पिशवी नव्हती, रंगाच्या दुकानातलं शेडकार्ड होतं. शिवसागर जलाशयात त्याच्या घरची लाँच चालते. आता त्यानं मुंबईकडून एक जुनी, फायबरची, शिडाची छोटी होडी आणली होती.

"चाचा, तुम्ही कवी माणूस. रंगातलं तुम्हाला जास्त कळणार. होडीच्या पोटाला कुठला रंग मारू, तेवढं सांगा."

"तुझ्या मनात कुठला आहे?"

"लालच. मोठ्या जहाजांना असतो तसला. आधीचाही लालच आहे, पार पोपडे धरलेत. काठावर घासून काढतो आन् पुन्हा तसलाच मारतो."

मंडळी, कवीला रंगातलं कळतं हा एक गोड गैरसमज आहे. पण होडीच्या पोटाच्या रंगाबद्दल मला थोडं कळतं, ते कवितेमुळे नाही, आजोळामुळे. माझं आजोळ दाभोळच्या खाडीकाठचं. मामू नाखवा होते. पावसाळ्याच्या तोंडाशी होडी किनाऱ्यावर ओढली, की आम्हा पोरांच्या हाती पत्र्याचे तुकडे देऊन ते तिचं पोट खरवडायला लावायचे. वरच्या बाजूला पिवळा, हिरवा, निळा असे हौशी रंग, आणि पाण्याखालचा भाग तांबडा. मामू म्हणायचे, "वरचा रंग बघणाऱ्यांसाठी, खालचा दर्यासाठी. वरचा चुकला तर लोक हसतील, खालचा चुकला तर दर्या हसेल."

आम्ही खरवडायचो ते काय होतं? समुद्रात बार्नॅकल नावाचा एक बारीक जीव असतो. लहानपणी तो पाण्यात तरंगत हिंडतो. मग एखादा खडक, खांब किंवा होडीचं पोट पसंत करतो, तिथं चिकटतो आणि स्वतःभोवती दगडासारखं कवच बांधून जन्मभर तिथंच राहतो. त्याच्या जोडीला शेवाळ येतं, शिंपले येतात. गुळगुळीत पोट खवल्याखवल्यांचं होतं आणि पाणी ते मागं ओढू लागतं. इंजिनाची बोट जादा डिझेल जाळून वेळ मारून नेते. शिडाच्या होडीला फक्त वाऱ्याचा आधार. ती रडतखडत चालते. लाकडी होडीला आणखी एक वैरी असतो, आतून लाकूड पोखरणारा समुद्री किडा.

यावर माणसानं हजारो वर्षं उपाय शोधले. अरबी समुद्रातल्या जुन्या गलबतांच्या पोटाला चुना आणि चरबी कालवून त्याचा जाड लेप देत. म्हणजे एकेकाळी या समुद्रात होडीचं पोट पांढरं असायचं. मग तांबं आलं. १७६१ मध्ये इंग्रजांच्या आरमारानं 'अलार्म' नावाच्या लाकडी युद्धनौकेच्या पोटाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. तांबं पाण्यात कणाकणानं विरघळतं आणि बसायला आलेल्या जिवांना ते सोसत नाही. पुढे लोखंडी जहाजं आली. लोखंडाला तांब्याचा पत्रा भिडवला, की खाऱ्या पाण्यात लोखंडच गंजून खलास होतं. म्हणून पत्र्याऐवजी तांब्याची पूड रंगात मिसळू लागले. या कामाला सर्वांत जास्त वापरतात ते क्युप्रस ऑक्साइड. ते मुळातच विटकरी लाल असतं. जहाजांची पोटं लाल दिसतात त्याचं मूळ इथं आहे. लाल हा तिथं आवडीचा रंग नाही, औषधाचा रंग आहे.

सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तासगावकडे द्राक्षबागेवर बोर्डो मिश्रण मारतात. त्यात मोरचूद असतो आणि चुना असतो. मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ. ते निळं, जहाजाच्या रंगातलं लाल, पण मारक गुण तांब्याचा. बागेत ते बुरशी मारतं, समुद्रात बार्नॅकल. फ्रान्समधल्या बोर्डोच्या बागांत १८८५ च्या सुमारास हे मिश्रण पुढं आलं, म्हणून त्याला त्या गावाचं नाव.

त्याच बोर्डोजवळ आर्काशाँ नावाची खाडी आहे, कालवांच्या शेतीसाठी प्रसिद्ध. तिथं या रंगांच्या कथेचा दुसरा भाग घडला. तांब्यापेक्षा जालीम म्हणून कथिलाचं एक संयुग, ट्रायब्युटिलटिन, बोटींच्या रंगात आलं. बोटी स्वच्छ राहिल्या. पण १९७० नंतरच्या काळात खाडीतली कालवं वाढेनाशी झाली, त्यांची कवचं वेडीवाकडी जाड होऊ लागली. काही समुद्री शंखांच्या माद्यांमध्ये तर नराचे अवयव वाढू लागले. १९८२ मध्ये फ्रान्सनं छोट्या बोटींवर या रंगाला बंदी घातली. जगभराच्या जहाजांसाठीचा करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये लागू झाला. होडीच्या पोटाला लावलेलं औषध होडीपाशी थांबत नाही, हे कळायला एवढी वर्षं लागली.

याचा अर्थ औषधी रंग वाईटच, असा नाही. 'म्हादेई' ही गोव्यात बांधलेली नौदलाची शिडाची बोट. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये तिच्यावरून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे महिनोन् महिने खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या बोटीला बार्नॅकलपासून संरक्षण हवंच. तिथंही रंगाची निवड डोळसपणे करतात. हात देताना खालचा हात एका रंगाचा आणि वरचा दुसऱ्या रंगाचा देतात. वरचा झिजून खालचा डोकावला, की समजायचं, औषध संपत आलं. बोट ॲल्युमिनियमची असेल, तर ते लाल तांबं वर्ज्य. धातूच खाल्ला जातो.

मी त्या तरुणाला विचारलं, "शिवसागरात बार्नॅकल कुठं आहे?"

तो गप्प झाला. कोयनेचं पाणी गोडं. त्यात समुद्रातला बार्नॅकल जगत नाही. पोटाला लागलं, तर हिरवं शेवाळ लागेल. छोटी होडी आहे, महिन्यातून एकदा काठावर ओढून ओल्या फडक्यानं पुसली की झालं. जिथं रोग नाही तिथं औषध कशाला? शिवाय ते औषध तांब्याचं, माशांना आणि पाण्यातल्या बारीक जिवांना बाधणारं. आणि पाणी माणसांच्या, गुरांच्या पिण्यातलं.

मग रंग कुठला? मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली, रंगाच्या आधी अस्तर. फायबरला पाणी लागत नाही, हा समज चुकीचा आहे. सतत बुडून राहिलं, की पाणी आत झिरपतं आणि फोड येतात. गोड्या पाण्यात खाऱ्यापेक्षाही लवकर. म्हणून इपॉक्सीचे हात द्यावेत. दाराखिडक्यांचा ऑइलपेंट पाण्याखाली टिकत नाही, सोलपटतो.

दुसरी, अस्तर राखाडी आणि वरचा हात पांढरा. गडद रंगावर शेवाळ आणि चिरा दिसत नाहीत, म्हणून तो स्वच्छ वाटतो. पांढऱ्यावर सगळं दिसतं. उन्हाळ्यात जलाशय उतरतो, होडी खडकाला, बुंध्याला घासते. पांढऱ्यात राखाडी रेघ दिसली, की समजायचं, डागडुजीची वेळ झाली. काठावर उन्हात पडलेली पांढरी होडी तापतेही कमी.

तिसरी गोष्ट जिवाची. शिडाची होडी वाऱ्यानं उलटू शकते, आणि उलटलेल्या होडीचं जगाला फक्त पोट दिसतं. जानेवारी १९९७ मध्ये टोनी बुलिमोर या इंग्रज दर्यावर्दीची बोट दक्षिण महासागरात उलटली. चार दिवस तो उलट्या बोटीच्या आत जिवंत होता. विमानातून शोधणाऱ्यांना दिसलं ते बोटीचं पोट. म्हणून आता लांब पल्ल्याच्या शर्यतींत पोटावर, सुकाणूवर भडक नारिंगी किंवा पिवळा रंग देतात. लाटांच्या फेसात आणि आमच्याकडच्या धुक्यात पांढरं हरवतं. तेव्हा पांढऱ्या पोटावर मधोमध रुंद नारिंगी पट्टा. आणि अंगात लाइफ जॅकेट, ते कुठल्याही रंगाचं चालेल!

"आन् आधीचा लाल?" त्यानं विचारलं.

खरं काम तेच होतं. तो जुना समुद्री रंग पाण्याच्या काठावर घासला असता, तर भुकटी पहिल्या पावसात जलाशयात गेली असती. मी सांगितलं, काठापासून लांब, खाली ताडपत्री अंथरून, तोंडाला मास्क लावून, पाणी मारत घास. कोरडी धूळ उडू देऊ नको. निघालेला चोथा डब्यात बंद कर. उकिरड्यावर टाकू नको, जाळू तर अजिबात नको. जिथून होडी आणलीस तिथल्या बोटीच्या कारखान्याला विचारून त्यांच्या घातक कचऱ्याबरोबर दे.

तो म्हणाला, "एवढ्या मोठ्या पाण्यात मूठभर रंगानं काय होतंय, चाचा?"

मी त्याला पाण्याचा रस्ता सांगितला. शिवसागराचं काही पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीला उतरतं, वीज करतं, वाशिष्ठीला मिळतं आणि माझ्या मामूंच्या दाभोळच्या खाडीत जातं. धरणातून खाली सोडलेलं पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिसळतं आणि सांगलीच्या घाटावर पोचतं. बामणोलीच्या काठावर घासलेल्या रंगाला दोन्हीकडचे रस्ते मोकळे आहेत.

त्यानं शेडकार्ड मिटून खिशात घातलं. पंधरा दिवसांनी फोन आला. ताडपत्री मिळाली होती, डबा भरला होता, राखाडी हात वाळत होता. "नारिंगी पट्टा केवढा घेऊ?" एवढंच त्याला विचारायचं होतं.

"लांबून तुझ्या आईला दिसेल एवढा," मी म्हणालो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)