फट मोजा, मगच इंजिन बांधा
बडोद्यात मांडवीच्या गर्दीतून पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगणारी जुनी बजाज चेतक लवकर तापते. आकुर्डीला 1972 पासून बनलेल्या या टू-स्ट्रोक स्कूटरचं सिलिंडर फक्त फ्लायव्हीलवरचा पंखा गार ठेवतो. बोअर 57 मिमी, स्ट्रोकही 57, म्हणून 145.45 सीसी. पिस्टन अॅल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचं. तापमान 100 अंशांनी वाढलं की पिस्टन साधारण 0.13 मिमी फुगतो, बीड त्याच्या निम्मंच. पिस्टन आणि सिलिंडरमधली फट कमी पडली तर पिस्टन जाम झालाच.

मोजताना दोन्ही भाग पूर्ण थंड हवेत. पिस्टन मायक्रोमीटरने स्कर्टवर, पिनेच्या काटकोनात मोजा. माथा मुळातच बारीक असतो. सिलिंडर बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी तपासा. पोर्टच्या तोंडावर माप घेऊ नका, ते फसवं येतं. वरची रिंग जिथे थांबते तिथे नखाला कड अडकली, तर बोअर झिजला आहे. मग रिंग एकटीच आत सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट फिलर गेजने पाहा.

रिबोअर करायचा असेल, तर ओव्हरसाइझ पिस्टन आधी विकत घ्या आणि लेथवाल्याकडून त्याच पिस्टनच्या मापाने बोअर करून घ्या.