थर्मोस्टॅट काढून टाकू नका, तपासून बदला



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, लागण, खत, पाणी यांवर लिहावे. इंजिनाच्या भानगडीत कशाला पडावे, असे आपणांस वाटेल. पण गळीत हंगामात आम्ही गटागटांतून फिरतो, तेव्हा दोन ट्रॉल्या उसाने भरलेल्या, बॉनेट उघडलेले आणि रेडिएटरमधून वाफ निघते आहे, असा ट्रॅक्टर रस्त्याकडेला हमखास दिसतो. तोडलेला ऊस उन्हात थांबला की वजन घटते, साखरही उतरते. ट्रॅक्टर कुणाचाही असो, नुकसान ऊसवाल्याचे होतेच. म्हणून हा विषय.

थर्मोस्टॅट म्हणजे काय?

पाटाच्या चारीला जसे दार असते, तसे हे इंजिनाच्या पाण्याचे दार. हेडमधून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी ते बसवलेले असते. आत मेण भरलेली लहानशी डबी असते. इंजिन थंड असताना दार बंद राहते, त्यामुळे इंजिन लवकर तापते. पाणी साधारण ८० अंशांच्या आसपास गेले की मेण फुगते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाऊन निवते. नक्की किती अंशांना उघडायचे, तो आकडा बहुधा धातूवर कोरलेला असतो.

दोष कसा ओळखावा?

दार बंद अवस्थेत अडकले, तर काटा झपाट्याने लाल पट्ट्यावर जातो. इंजिन भाजते आहे, पण रेडिएटरची वरची नळी त्या मानाने थंडच, ही याची मुख्य खूण. उलट दार उघडेच राहिले, तर सुरू केल्यापासूनच वरची नळी हळूहळू कोमट होऊ लागते आणि तासभर चालवूनही काटा वर सरकत नाही. नळी चाचपताना हात पंख्यापासून लांब ठेवावा, सदऱ्याची बाही किंवा उपरणे लोंबू देऊ नये.

मात्र इंजिन तापले की दोष थर्मोस्टॅटचाच, असे धरू नये. आधी पाण्याची पातळी, पंख्याचा पट्टा, रेडिएटरचे टोपण आणि रेडिएटरची जाळी पाहावी. उसाच्या फडात पाचट आणि धूळ जाळीत इतकी बसते की वारा आत शिरतच नाही. अनेकदा जाळी साफ केली की काम भागते.

काढून टाकण्याची खोड

आमच्या शेतकी खात्याच्या जीपचा अनुभव सांगतो. गाडी तापते म्हणून एका मिस्त्रीकडे नेली. त्याने थर्मोस्टॅट काढून आमच्या हातात दिला आणि म्हणाला, "साहेब, आपल्याकडं ऊन एवढं, हे लागतंय कशाला?" आम्हांलाही ते पटले. चूक आमचीच. पुढे थंडीत सकाळी गाडी धूर ओके, डिझेल जास्त खाई, काटा तर तळालाच. थंड इंजिनात डिझेल पुरते जळत नाही, ते ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ करते आणि लायनर-पिस्टन झिजतात. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसला तर पाणी रेडिएटरला वळसा घालून आतल्या आतच फिरते, आणि इंजिन उलट जास्तच तापते. शेवटी नवा बसवला, तेव्हा गाडी ठिकाणावर आली.

घरच्या घरी परीक्षा

काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यात पाण्यात दोरीने लोंबता सोडावा, तळाला टेकू देऊ नये. चुलीवर पाणी तापवावे. थर्मामीटर असल्यास उत्तम. नसला तरी पाणी खळखळण्याआधी झडप उघडू लागली पाहिजे, आणि बाहेर काढून निवल्यावर पुन्हा मिटली पाहिजे. उकळत्या पाण्यातही उघडत नाही, किंवा थंड असतानाच फट दिसते, तर तो बाद समजावा. ठोकठाक करून तो दुरुस्त होत नाही.

बदलताना

१. इंजिन पूर्ण निवू द्यावे. गरम रेडिएटरचे टोपण कधीही उघडू नये. वाफेने तोंड-हात भाजतात.

२. खालच्या तोटीतून, थर्मोस्टॅटच्या पातळीखाली जाईल इतके पाणी काढावे. कूलंट विषारी असते आणि चवीला गोड. जनावरांच्या तोंडी जाऊ देऊ नये.

३. झाकणाचे बोल्ट काढून जुना कसा बसला होता ते नीट पाहावे. मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला येते. बारीक छिद्र असल्यास ते वरच्या अंगाला ठेवावे, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते.

४. जुने पॅकिंग खरवडून नवे घालावे. बोल्ट आळीपाळीने, सारखे आवळावेत. नवा थर्मोस्टॅट त्याच अंशांचा घ्यावा.

५. निम्मे कूलंट व निम्मे डिस्टिल्ड पाणी भरावे. विहिरीच्या खारट पाण्याने आत क्षार धरतात आणि नवा थर्मोस्टॅटही लवकर अडकतो. इंजिन चालवून गळती पाहावी. निवल्यावर पातळी पुन्हा पाहून भर घालावी.

वाटेत इंजिन तापलेच, तर बाजूला घेऊन बंद करावे आणि थांबावे. घाईने थंड पाणी ओतू नये; हेडला तडा जातो. थर्मोस्टॅटचा खर्च थोडा, हेडचा आणि लायनरचा मोठा. बॉयलर पेटण्याआधी ट्रॅक्टरची ही तपासणी करून घ्यावी, ही विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी